बेल न वाजवणारा माणूस

वाशिंदच्या त्या रो-हाऊसला कॅमेऱ्याची बेल लागली ती खेकड्यांमुळे.

गौरी आल्या होत्या. मीनाच्या शहापूरच्या पतसंस्थेतल्या बाया ठेवणीतल्या साड्या नेसून दर्शनाला आल्या होत्या. हातात मोदकांच्या बशा, तोंडात गोडगोड बोलणं. एवढ्यात गल्लीच्या टोकापासून हाक आली, "ठमे! हाय का गो?" आणि हाकेच्या मागोमाग ठमीचा भाऊ बुधू थेट दिवाणखान्यात. अशी एंट्री, की सगळ्यांचे हात बशांवरच थबकले. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल बांधलेला आणि हातात पळसाच्या पानांचं पुडकं. शेणवा गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात जी वाडी आहे, तिथं गौरीला खेकड्यांचा निवद लागतो. बहिणीच्या घरी गौर उपाशी राहू नये म्हणून म्हातारा तांबडं फुटायच्या आत ओढ्यात उतरला होता. पुडकं त्यानं गौरीपुढं ठेवलं, नमस्काराला वाकला आणि पुडक्याची गाठ सुटली.

पुढचं काय सांगावं! एक खेकडा सोफ्याखाली, एक टीव्हीच्या टेबलामागं आणि एक सरळ मॅनेजरबाईंच्या साडीच्या काठाकडं. बाया किंचाळत सोफ्यावर चढल्या. बुधू रांगत, हसत एकेकाला पाठीमागून चिमटीत धरत होता. "भिऊ नका गो बाय! चावतात, पन मनानं गरीब हायेत."

ठमी हसली. तोंडाला पदर लावला, तरी हसली. ते मीनानं पाहिलं.

मीना ठमीची सून होती, बोलायला मऊ होती. "मामा, तुम्ही बाहेर नळापाशी बसा ना. पाय तिकडेच धुवा. आई, त्यांचं जेवण तिकडेच द्या." ठमी ताट घ्यायला वळली तशी मागून आवाज आला, "स्टीलचं नको, आई. ती कागदाची प्लेट आहे ना, त्यात द्या."

बुधू नळापाशी उकिडवा बसून जेवला. कागदाची प्लेट आमटीनं मऊ पडली, तशी त्यानं ती तळहातावर घेतली. ठमी समोर बसून पाहत होती. भावाचा चेहरा आता बराच ओढला होता, पण डोळ्यांतली खोडी गेली नव्हती.

"ठमे, मी मेलो का तुज्याच हातचं पानी पायजे हां मला. नायतर तोंड वासून पडून ऱ्हाईन. माज्या भिमीला भ्या दाखवीन."

"गप रे. सनाचा दिस हाय."

"बोल ना. येशील ना?"

"येईन रे बाबा. कुठं बी असली तरी येईन."

वाडीची रीतच तशी आहे. भाऊ गेला की पळसाच्या पानावरून त्याच्या तोंडात शेवटचं पाणी सोडायचं ते बहिणीनं. बहीण जिवंत असेल तर दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही, बायकोचाही नाही. आणि बुधूला बहीण एकच.

या ठमीचं आयुष्य म्हणाल तर चार ओळींत मावेल. जन्म वरच्या वाडीत. लग्न मुरबाडकडच्या एका वाडीत. नवरा लवकर गेला तेव्हा पदरात अनंता होता, नुकता रांगायला लागलेला. ठमी मोळ्या बांधून मुरबाडच्या बाजारात उभी राहायची, करवंदांच्या दिवसांत करवंदं विकायची. पोराला आश्रमशाळेत घातलं. आषाढात लावणीला हात कमी पडले की बुधू डोंगर उतरून यायचा, बहिणीची खाचरं लावून द्यायचा आणि मगच आपल्या चिखलात पाय घालायचा. लहानपणी वाडीत बोहाडा असला की तोंडावर लाकडी मुखवटा चढवून तो रात्रभर नाचे. सारी पोरं त्या सोंगाला भिऊन आयांच्या मागं दडत आणि एवढीशी ठमी पुढं होऊन ओरडे, "तो द्येव नाय, बुधू हाय! माज्या भावाचे पाय मला वळखू येतात!"

तर असा हा भाऊ. त्या गौरीनंतर मीनानं अनंताला सांगून टाकलं, "बेल बसवू या, कॅमेऱ्याची. कोण आलंय ते आधी दिसू दे. मग दार उघडायचं की नाही, ते आपण ठरवू." अनंता वाशिंदच्याच एका कारखान्यात सुपरवायझर होता. कामगारांवर ओरडून दमलेला माणूस घरी कशाला नाही म्हणतो?

दसऱ्याला तिघं शहापूरला गेली. बाजारपेठेत इंद्रजीतचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. गोड स्वभावाचा माणूस. त्यानं आधी ठमीला स्टूल दिलं, मग काचेवर दोन खोकी मांडली.

"ही पहिली. हिच्यापुढं कुणी नुसतं येऊन उभं राहिलं तरी घरात आवाज होतो. ही दुसरी. ही घरात वाजते ती बटण दाबलं तरच. नुसतं उभं राहिलं तर तेवढं मोबाइलवर कळतं. बोलता दोन्हीतून येतं. तुम्ही ऑफिसात बसून दारातल्या माणसाशी बोला, त्याला वाटेल घरातूनच बोलताय. आणि दोन्ही चेहरे ओळखतात हां. घरातल्यांचे चेहरे एकदा शिकवून ठेवले की घरच्यांसाठी मोबाइल वाजत नाही. उगाच कटकट नको."

ठमी सगळं ऐकत होती. तिनं पहिल्या खोक्यावर बोट ठेवलं.

"ही घ्या."

"का हो, आई?" मीनानं विचारलं.

"बटन नाय दाबलं, नुसता उभा ऱ्हायला, तरी वाजती ना ही? मग हीच घ्या."

इंद्रजीत हसला. "आजी, असं कोण येतं तुमच्याकडं? येतो, पण बटण दाबत नाही?"

ठमीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

असा माणूस होता. त्याचं नाव गोजर. वाडीत कुणी गेलं की रक्ताच्या नातेवाइकांकडे सांगावा घेऊन गोजर जायचा. आता हातोहाती मोबाइल आले, पण मरणाचा फोन करायचा तो परक्यांना. बहिणीला, लेकीला फोनवर कळवलं तर तिला परकी केलं असं वाडी मानते. त्यांच्याकडे गोजरच जातो. तो अंगणात येतो, डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकतो, उघड्या डोक्यानं दाराकडे तोंड करून उभा राहतो. हाक मारत नाही. दाराला, कडीला, उंबऱ्याला हात लावत नाही, पाणी पीत नाही. ज्याचं माणूस गेलं त्यानं बाहेर यायचं आणि विचारायचं, "कोन?" मग समोरासमोर, त्याच्या तोंडाकडे बघून गोजर नाव सांगतो, टॉवेल पुन्हा डोक्याला बांधतो आणि मागं न बघता चालू लागतो. ठमीनं मुरबाडच्या अंगणात त्याला असं दोनदा पाहिलं होतं. एकदा बापाच्या वेळी, एकदा आईच्या. एक शब्द न बोलता नुसतं उभं राहून अंगणातली कोंबडीसुद्धा गप्प करणारा तो माणूस.

पण हे दसऱ्याच्या दिवशी, नवी वस्तू घेताना, हळदकुंकू लागायच्या आत बोलायचं कसं? त्याचं नाव घेणं म्हणजे त्याला आवतण धाडणं. तेही कुणाच्या नावानं? म्हातारं माणूस वाडीत एकच उरलं होतं तिचं.

"येतं कोन कोन," ठमी पुटपुटली.

"भूत येत असेल," मीना हसून म्हणाली. "अहो, मांजर आलं तरी वाजत बसेल ती. कचरेवाला, समोरची पोरं, सगळ्यांसाठी. आणि आई धावत जाऊन सगळ्यांना दार उघडतील. परत खेकडे!"

"मॅडम, आजी म्हणतायत त्याला काही कारण असेल..." इंद्रजीत म्हणाला.

"आई, काय कारण आहे? सांग ना." अनंतानं घड्याळाकडे बघत विचारलं. "टाइम नाय मला."

ठमी काचेतून खालच्या वायरींच्या गुंडाळ्यांकडे बघत राहिली.

"काय नाय," ती म्हणाली.

"मग दुसरी पॅक करा. आणि बेलचा सूर आईला निवडू दे," अनंता म्हणाला.

इंद्रजीतनं एकेक सूर वाजवून दाखवला. देवळातली घंटा, बासरी, गाण्याची धून. मग एक पाखरू शीळ घालून गेलं. ठमीनं मान वर केली. रानात पुढं गेलेला बुधू मागं राहिलेल्या बहिणीसाठी अगदी अशीच शीळ घालायचा. "ही," ती म्हणाली. सगळ्यांना बरं वाटलं. म्हातारीच्या मनासारखं झालं.

बेल बसली. अनंतानं आपला आणि मीनाचा चेहरा तिला शिकवला. "आईचा पण टाकू?" त्यानं विचारलं. मीना म्हणाली, "कशाला? त्या कुठं बाहेर जातात?" तेही खरंच होतं. ठमीसाठी एकच नियम झाला, पाखरू बोलल्याशिवाय दाराकडे जायचं नाही.

मीना दुष्ट नव्हती, हे आताच सांगून ठेवतो. सासूला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, दुखलंखुपलं तर डॉक्टरकडे नेलं. तिला फक्त आपलं घर आपल्यासारखं हवं होतं. एवढ्याशा हौसेपायी माणसाच्या हातून काय काय घडतं!

माघातली गोष्ट. नवराबायको कामावर गेली होती. ठमी मागच्या दारी उन्हात वाल निवडत बसली होती. शेजारचा बोका सुपात तोंड घालायचा, ती त्याला हाकलायची, तो परत यायचा. असा त्या दोघांचा खेळ दुपारपर्यंत चालला. पाखरू एकदाही बोललं नाही. ठमीला वाटलं, आज कुणीच फिरकलं नाही. तिनं वाल भिजत घातले. बुधूला बिरडं फार आवडायचं, हे तिला उगाच आठवलं.

संध्याकाळी मीना हसतच घरात आली. मागोमाग अनंता. ठमी चहा घेऊन गेली तेव्हा दोघं मोबाइलवर वाकली होती.

"अहो बघा तरी हा नमुना! आमच्या ऑफिसात सगळ्यांना दाखवला. कसा उभा आहे, नाटकातल्या राजासारखा! हलेना, बोलेना. शेवटी मीच बोलले."

ठमीनं अनंताच्या खांद्यावरून पाहिलं. पाहिलं आणि जागेवरच उभी राहिली.

मोबाइलमध्ये दार होतं. दारापुढं गोजर. डोकं उघडं, टॉवेल खांद्यावर.

मोबाइलमधून मीनाचा आवाज आला. "कोण पाहिजे?" गोजरनं वर पाहिलं, खाली पाहिलं. आवाज होता, पण तोंड कुठंच नव्हतं. आणि सांगावा तोंडाकडे बघूनच सांगायचा असतो. तो गप्प राहिला. "देणगी-बिणगी काही देत नाही आम्ही." गोजर गप्प. "ऐकू येत नाही का? घरात कोणी नाही. जा!"

आणि मग, घराच्या आतून, अगदी बारीक पण स्वच्छ, "हाड मेल्या! वालात तोंड घालतोस?"

ठमीचा स्वतःचा आवाज.

गोजरची मान झटकन वर आली. तो आवाज त्यानं ओळखला होता. दार आता उघडेल, असं त्याच्या तोंडावर उमटलं. तो तसाच उभा राहिला, हात जुळवून, दाराकडे डोळे लावून. दार उघडलं नाही. मग त्यानं हळूहळू खांद्यावरचा टॉवेल काढला, डोक्याला बांधला आणि वळला.

"गोजर," ठमी मोबाइलला म्हणाली, "कोन रे? कोन गेलं?"

"आई, ते रेकॉर्डिंग आहे. ते काय उत्तर देणार?"

चित्र संपलं आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झालं. गोजर पुन्हा येऊन उभा राहिला, उघड्या डोक्यानं. ठमीनं त्याला पुन्हा विचारलं, "बुधू का रे?"

अनंताच्या तोंडावरचं हसू कधीच उतरलं होतं. लहान असताना, आजोबांच्या वेळी, आईच्या लुगड्याला धरून त्यानं हा माणूस असाच अंगणात उभा पाहिला होता. त्यानं चहाला हात लावला नाही. मोटरसायकलची किल्ली उचलली.

शहापूर मागं पडलं, शेणवा मागं पडला, पुढं डोंगराची चढण लागली. वाडीच्या खाली ओढ्याकाठी जिथं माणसं जाळतात, तिथं लाल निखारा दिसत होता आणि त्याच्याभोवती चार गडी काठ्यांनी तो सारखा करत होते. ठमी उतरून धावत निघाली. भावाचे पाय ओळखणारी ती बाई. तिथं ओळखायला काही उरलं नव्हतं.

घरापुढं वाडी बसली होती. कुणी तिला जवळ घेतलं नाही, कुणी गळ्यात पडून रडलं नाही. बायांनी पदर सारखे केले आणि सरकून वाट दिली, तालुक्याच्या सायबाला देतात तशी.

"मी आलो व्हतो, ठमे," गोजर म्हणाला. "तुजं दार बोललं, घरात कोनी नाय. न तू आत मांजराला शिव्या देत व्हतीस."

"ती मिशीन बोलली रे! मीना बोलली, शहापुरातून. मला काय ठावं नाय. अनंता, सांग ना रे त्यांना."

अनंतानं तोंड उघडलं. आपल्या बायकोनं सांगावा आणणाऱ्याला हाकलून दिलं, हे चार माणसांत कबूल करायचं? एकदा ते बोललं की वाडी पिढ्यान्‌पिढ्या बोलत राहणार. म्हातारीचं काय, तिचे किती दिवस उरलेत!

"आई, होऊन गेलं ते," तो म्हणाला आणि खाली बघू लागला.

म्हातारा लडकू, बुधूचा जोडीदार, इतका वेळ भिंतीला टेकून बसला होता. "मिशीन बोलती, ठावं हाय आमाला. माज्याकडं बी मोबाइल हाय. पन मिशीन दाराला लावताना तू कुठं व्हतीस गो?"

"व्हती. दुकानात व्हती मी."

"तुला ठावं नव्हतं, गोजर बटन दाबनार नाय?"

"ठावं व्हतं."

"मग तोंड नव्हतं तुला?"

ठमीला तोंड होतं. दसऱ्याच्या दिवशी ते तिनं भावाच्या जिवासाठी मिटून घेतलं होतं. हे तिनं सांगायला हवं होतं, आणि ऐकलं असतं तर वाडीला ते कळलंही असतं, कारण तिच्यासारखंच तोंड तिथल्या प्रत्येकानं कधी ना कधी मिटलं होतं. पण गोजरचं नाव टाळून ज्याला वाचवायला गेली, त्याचीच राख समोर निवत होती. आता कसलं कारण आणि कुणाला सांगायचं? वाडीनं त्या गप्प राहण्याचा घ्यायचा तो अर्थ घेतला.

भिमी घरातून आली. बुधूची बायको. तिच्या हातात पितळी लोटा होता, लोट्यावर पळसाचं पान झाकलेलं.

"दिस कलंडंपतूर ठेवला व्हता त्याला," ती म्हणाली. आवाजात रडं नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. "तोंड वासून व्हता. बोलला व्हता तसाच. पोरगा बोलला, आये, तू घाल पानी. मी बोलली, नाय. बहीन जिती हाय त्याची. मग तसाच नेला, कोरडा."

ठमीनं दोन्ही हातांनी लोटा धरला. "आता वतू का गो? जाते ना खाली. राखंवर वतते."

"कोनाच्या तोंडात?" भिमी म्हणाली. "तोंड हाय का आता त्याला?"

ठमी लोटा परत तिच्या हातात देऊ लागली.

"तुजं पानी हाय, तू ने," भिमी म्हणाली. मग ती घरात गेली. त्या घराचं दार कधी दिवसाउजेडी लागल्याचं ठमीला आठवत नव्हतं. भिमीनं ते हातानं ओढून घेतलं.

मोटरसायकलवर मागं बसून ठमीनं तो लोटा वाशिंदपर्यंत आणला. चढउतारावर, खड्ड्यांवर पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत राहिलं. घरी पोचेपर्यंत लोट्याच्या तळाशी थोडं उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मीना डबा घेऊन निघाली, तर सासू दाराबाहेर पायरीवर बसलेली. शेजारी लोटा. "आई, इथं का बसलात?" ठमी म्हणाली, "कोन आला तर कळंल." मीनाला वाटलं, बसेल दोन दिवस. तिच्याही मनाला ते लागलं होतं. त्या दिवसापासून ऑफिसात तिनं दारातलं कुठलंच चित्र कुणाला दाखवलं नाही.

पण ठमी रोज बसू लागली. भाकरी खायला तेवढी आत, की परत पायरीवर. पार्सलवाला येई, गॅसवाला येई, मीटर बघणारा येई. त्यानं बटणाकडे हात न्यायच्या आत ठमी उठून उभी राही, त्याच्या तोंडाकडे टक लावून बघे आणि विचारी, "कोन?" पार्सलवाला म्हणे, "पार्सल हाय, आजी." ठमी मान हलवून पुन्हा खाली बसे. नव्या माणसांना ते चमत्कारिक वाटे. गल्लीतल्या पोरांना मात्र चांगलाच खेळ मिळाला. ती मुद्दाम समोर येऊन, टोप्या काढून, हात जुळवून उभी राहत आणि म्हातारी धडपडत उठली की "कोणी नाही, कोणी नाही!" करत पळून जात.

इकडं शहापुरात मीनाचा मोबाइल दिवसभर वाजायचा. दारात माणूस. दारात माणूस. दारात माणूस. ती उघडून बघायची, तर सासूचं पांढरं डोकं. एकदोनदा ती बेलमधूनच बोलली, "आई, ऊन लागेल, आत जा." ठमीनं वर पाहिलं नाही. तोंड दिसत नाही त्या आवाजाला उत्तर द्यायचं नसतं, हे तिला गोजरनं पुरतं शिकवलं होतं.

शेवटी एका रविवारी अनंता मोबाइल घेऊन पायरीवर आला.

"आई, इकडं बघ जरा. हां. आता डावीकडं मान कर. आता उजवीकडं. बास."

"काय करतोस रे?"

"काय नाय. तुझा चेहरा शिकवतोय तिला. घरातलंच माणूस आहेस ना तू." त्यानं मोबाइलवर टाइप केलं, 'आई'. "झालं."

ठमी पायरीवरच बसलेली होती, लोटा हाताशी धरून, गल्लीच्या टोकाकडे डोळे लावून. त्या दिवसापासून बेलनं तिच्याबद्दल कुणाला काहीच कळवलं नाही.